रुमालाखालचा भाव

चौथ्या खेपेला कोटेशनवरची तारीख खोडून
पेनानं नवी घातली होती.
आकडा तोच, अडतीस हजार पाचशे,
बिलिंगचं पॅकेज धरून, जीएसटी वेगळा.
सांगलीच्या यार्डात सौदा नुकताच उठलेला,
हमाल पोत्यांवर आडवे,
हवेत राजापुरी हळदीची भुकटी.
माझ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर
आधीच्या तीन खेपांतच कामातून गेलेली.

पायगोंडा आण्णा म्हणाले, बसा.
चहा येईपर्यंत मी पाठ केलेलं सगळं बोललो:
जुन्याचे पार्ट मिळत नाहीत,
दुरुस्तीचा तो मिरजेचा माणूस
आता मोबाइलच्या काचा बसवतो,
एक दिवस बटण दाबाल आणि वीस वर्षांची खाती
मुकाट्यानं निघून जातील.

आण्णांनी हळकुंड मोडून वास घेतला.
"आमच्या आज्ज्यानं हरिपुरात पेव काढलं. वीस हात खोल.
तोंड लिंपलं की चार वर्षं आत बघायचं न्हाई.
कुणाची किती, ते त्याच्या डोक्यात.
तुम्ही म्हणताय, ढगात ठेवा.
ढग कुणाच्या मालकीचा, ते सांगा आधी."

ते मला माहीत नव्हतं.
कंपनीला फोन लावला,
तिथल्या मुलीनं बासरी ऐकवत ठेवलं.

कोपऱ्यात वसगडे दिवाणजी.
काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं,
किल्ल्यांवरची अक्षरं केव्हाच झिजून गेलेली.
शेतकऱ्याचं नाव निघालं की
आधी त्यांची बोटं हलायची, मग ओठ.
महापुरात हे मशीन डोक्यावर घेऊन
छातीभर पाण्यातून त्यांनी माळ्यावर चढवलं, असं यार्डात सांगतात.
विचारलं तर म्हणाले,
छाती कुठली, कमरेइतकं होतं.

चहा संपला.
आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझा हात ओढून घेतला आणि वरून टाकला.
"भाव उघड्यावर होत नसतो."

ही रीत यार्डातनं उठून वर्षं झाली.
आता दर पुकारतात, फोनवर येतात.
माझा हात तिथं नवखा,
आत ऊब, अंधार, त्यांची खरबरीत बोटं.
त्यांनी तीन दाबली.
मी म्हणायला गेलो, तीस?
तर असे डोळे वटारले
की शब्द घशातच राहिला.
मी चार धरली. त्यांनी एक परत मिटवलं,
मिटवलेल्याच्या पेरावर अंगठा ठेवला.
पस्तीस असावेत. मी मान हलवली,
मान हलवायची नसते, तेही चुकलंच.

मग त्यांनी माझी करंगळी धरली.
दाबली नाही, सोडलीही नाही.
हा आकडा माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.
वर पाहिलं,
तर आण्णा माझ्याकडं नाही,
दिवाणजींच्या पाठीकडं बघत होते.

कळायला वेळ लागला.
नवं यायचं, पण जुनं हलवायचं नाही.
दोन्ही शेजारी शेजारी चालवायची,
रात्री नातवानं भरायचं,
आणि हे कुणी बोलायचं नाही,
पुढल्या पाडव्याला दिवाणजी
आपणहून चाव्या ठेवतील तोवर.
मी करंगळी वाकवली.

टॉवेल झटकला, पिवळा धूर उडाला.
आण्णा मोठ्यानं म्हणाले,
"न्हाई परवडत, पावणं. आमचं हाय ते बरं हाय."

कोपऱ्यात टकटक पुन्हा सुरू झाली.
ती थांबली कधी होती,
माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

विश्रामबागेत साहेबांनी विचारलं, काय झालं?
कोटेशनच्या कागदावर
मशीन, पॅकेज, बसवणी, शिकवणी
यांच्या खाली मी एक ओळ रिकामी सोडली होती,
रकमेच्या जागी शून्य.
ते म्हणाले, हे कशाचं?
मी म्हटलं, असू द्या, गिऱ्हाइकानं मागितलंय.